पीएफची पेन्शन महागाईला जोडावी की नाही?

सातपूरकर:
ईपीएस-९५ म्हणजे पीएफ भरणाऱ्या कामगारांची पेन्शन योजना. तिची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये महिना १,००० रुपये झाली. दहा वर्षं उलटली तरी आकडा तोच. या योजनेत महागाई भत्ता नाही, त्यामुळे रिटायर होताना जी रक्कम बसते तीच शेवटपर्यंत. माझे वडील नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतून २०१३ मध्ये निवृत्त झाले. पेन्शनसाठी धरायच्या पगाराची मर्यादा तेव्हा ६,५००, योजनेतली सेवा १८ वर्षं. गुणून ७० नं भागलं की १,६७१. पंच्याण्णवच्या आधीच्या सेवेचं थोडं धरून दोन हजार शंभर पडतात. आई-वडिलांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या आणि सिलिंडर, संपले पैसे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या नव्या युनिफाइड पेन्शनमध्ये दहा वर्षांच्या सेवेला किमान १०,००० आणि वर महागाई भत्ता. कारखान्यात घाम गाळणाऱ्यांनाच तो का नाही?

आकडेमोड, इंदिरानगर:
दादा, कळकळ पटते, पण पैसा आणायचा कुठून? या योजनेत मालकाच्या हिश्श्यातून पगाराच्या ८.३३ टक्के जातात, केंद्राचे १.१६. ६,५०० वर मालकाचे महिना ५४१ झाले. अठरा वर्षांचे व्याज धरून सव्वादोन लाखांच्या आसपास. वर्षाला पंचवीस हजारांनी ते कधीच वसूल झाले. वाढ द्यायची तर आज अंबड एमआयडीसीत लागलेल्या पोराच्या नावानं महिना जमा होणाऱ्या १,२५० मधून द्यायची का? मग त्याच्या म्हातारपणी फंडात काय उरणार?

सातपूरकर:
तुमचाच आकडा घेतो. सव्वादोन लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला १८,४५० नुसतं व्याज, मुद्दल शाबूत. पेन्शनमध्ये मुद्दल परत येत नाही, वडिलांमागे आईला निम्मीच मिळेल. मग वसूल कसली? आणि पोराच्या पैशाला हात लावा असं मी म्हणतच नाही. हजाराच्या किमान पेन्शनला जी तूट पडते ती केंद्र बजेटमधून भरतं. वाढही तिथूनच द्या.

निफाडकर ताई:
बजेटचं नाव निघालं म्हणून लिहिते. माझी आई जन्मभर लोकांच्या द्राक्षबागेत राबली. थिनिंग, डिपिंग, छाटणी, सगळं केलं. तिच्या नावानं कुणी एक रुपया पीएफ भरला नाही. तिला राज्याच्या श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० मिळतात, तेही वय ६५ आणि वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत दाखवल्यावर. दोन म्हाताऱ्यांच्या घरात २१,००० म्हणजे काय, सांगा! ज्यांना पीएफची एकरकमी रक्कम तरी मिळाली, त्यांच्या आधी आमचा नंबर लागायला हवा.

आकडेमोड, इंदिरानगर:
ताईंचा मुद्दा मला सगळ्यात पटला. करदात्याचा पैसा असेल तर तो गरज बघून द्यावा, पीएफ नंबर बघून नाही.

सातपूरकर:
ताई, तुमच्या आईचं आधी वाढवा, माझी ना नाही. २१,००० ची अट तर आजच काढायला हवी. पण गरजच बघायची तर महिना दोन हजारांत दोघं जगणाऱ्यांना गरजू का मानत नाही? दोन्ही पेन्शनी महागाईला जोडा.

आकडेमोड, इंदिरानगर:
जोडा, पण मागणीपत्र काढाल तेव्हा त्यासाठी कर कुणावर वाढवायचा तेही त्यात लिहा. तेवढं लिहिलंत तर सही करायला मी तयार आहे.