कॅलिफोर्नियात बेकारी भत्ता: क्लेम आत्ता टाकू की जानेवारीपर्यंत थांबू?

मी फ्रीमॉन्टला राहते, ग्रीन कार्ड आहे. चार वर्षं एका बेकरीत तासावर काम करत होते. ऑक्टोबर लागला आणि धंदा मंदावला म्हणून मला आणि आणखी दोघींना काढलं.

नवरा म्हणाला, सरकारपुढे हात पसरायचा नाही. मी त्याला समजावलं की हा पैसा मालकांनी भरलेल्या करातून येतो. दर कामगाराच्या वर्षातल्या पहिल्या ७,००० डॉलर पगारावर त्यांना तो भरावा लागतो, आणि तो असतोच काम गेलेल्यांसाठी. त्याला ते पटलं, पण हिशोब काही मला सुटत नाही.

हा भत्ता देणारं राज्याचं खातं म्हणजे ईडीडी. त्यांची माहिती वाचून कळलं ते असं. बारा महिन्यांचा पगार बघतात, त्याला बेस पिरियड म्हणतात. पण हे बारा महिने कालपर्यंतचे नसतात. शेवटच्या पाच पूर्ण झालेल्या तिमाह्यांपैकी पहिल्या चारच धरतात. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये क्लेम टाकला तर गेल्या वर्षीचा जुलै ते या वर्षीचा जून. त्यातल्या सगळ्यात जास्त पगाराच्या तिमाहीला २६ ने भागलं की आठवड्याचा भत्ता निघतो. जास्तीत जास्त ४५० डॉलर, आणि हा आकडा २००५ पासून हललेला नाही. इथली घरभाडी बघून जीव तुटतो.

माझी त्यातली सगळ्यात जास्त तिमाही जानेवारी ते मार्चची, ७,८०० ची, म्हणजे आठवड्याला ३००. पण या उन्हाळ्यात लग्नाच्या केकच्या ऑर्डरी खूप होत्या, म्हणून यंदा जुलै ते सप्टेंबरमध्ये ९,१०० मिळाले होते, आणि नेमकी तीच तिमाही गळतेय! जानेवारीत क्लेम टाकला तर ती धरतील आणि ३५० होतील. मग थांबावं का?

आणखी दोन गोष्टी. मॅनेजर म्हणतात, राजीनामा लिहून दे, पुढे नोकरी शोधताना बरं दिसेल. देऊ का? आणि एका दुकानात दोन दिवसांचं काम मिळतंय, आठवड्याला १६० डॉलर. ते घेतलं तर भत्ता बंद होईल का?

प्रतिसाद

ताई, आधी राजीनाम्याचं. अजिबात देऊ नका. काम नाही म्हणून काढलं, हेच खरं कारण आहे, तेच फॉर्मवर लिहा. ईडीडी मालकालाही विचारते. तुमच्या सहीचा राजीनामा पुढे आला तर नोकरी सोडण्याला सबळ कारण होतं का, हे तुम्हाला पटवून द्यावं लागेल.

दुकानाचं काम जरूर घ्या. कमाईतले २५ डॉलर किंवा २५ टक्के, यातलं जे जास्त असेल ते सोडून देतात. १६० मधले ४० सुटले, १२० वजा झाले, म्हणजे भत्ता १८० मिळेल. दोन्ही मिळून ३४०. मात्र ज्या आठवड्यात काम केलं त्याच आठवड्यात ते दाखवायचं, चेक कधीही येवो. आणि हातात पडलेली रक्कम नाही, कापाकापीच्या आधीची.

थांबण्याबद्दल: तुमच्या पगारावर भत्त्याचे २६ आठवडे पूर्ण बसतात. म्हणजे आत्ता टाकला तर जास्तीत जास्त ७,८००, जानेवारीत ९,१००. ते १,३०० डॉलर खरे, पण जानेवारीपासूनही सहा महिने काम मिळालं नाही तरच. फेब्रुवारीत नोकरी लागली तर मधल्या आठवड्यांचे पैसे गेलेच. क्लेम ज्या आठवड्यात टाकाल त्याच्या रविवारपासून धरतात, आणि पहिला आठवडा बिनपैशाचा असतो. मी तुमच्या जागी असते तर आजच टाकला असता. नंतर २१ दिवसांत कॅलजॉब्सवर, म्हणजे राज्याच्या नोकरी शोधायच्या वेबसाइटवर, नाव नोंदवा, दर दोन आठवड्यांनी सर्टिफाय करा, म्हणजे त्या आठवड्यांची कमाई आणि कामाचा शोध ईडीडीला कळवा, आणि कुठे कुठे अर्ज केले ते वहीत लिहीत चला. या पैशावर राज्याचा कर नाही, पण केंद्राचा लागतो.

धागाकर्ती

खूप आभार. मॅनेजरना नाही म्हणून कळवलं आणि काल रात्री यूआय ऑनलाईनवर, ईडीडीच्या वेबसाइटवर, क्लेम टाकला. दुकानातलं काम सोमवारपासून. आता क्लेमबद्दल ईडीडीने फोनवर मुलाखत ठरवली तर? माझं इंग्रजी कामापुरतं आहे, फोनवर घाबरायला होतं. कुणी मराठी दुभाषी मागून घेतला आहे का? कसा मागायचा?