पर्यायी इंधनांवर काम करणाऱ्या विद्यार्थी मंडळात सहभागी व्हावे का?

प्रश्न

मी मुंबईतील एका महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाला आहे आणि रोज डोंबिवलीहून लोकलने येते. आमच्या पर्यावरण मंडळात यंदाही वापरलेल्या खाद्यतेलापासून बायोडिझेल तयार करण्याचा उपक्रम असून त्यासाठी दर शनिवारी दुपारी तीन तास द्यावे लागतील. बाबांच्या मते अशा मंडळांत फलक धरून फोटो काढण्यापलीकडे काही होत नाही. तेथे खरोखर काही शिकायला मिळते का, आणि घरी सांगण्याइतके ते सुरक्षित आहे का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर 1

मी अशाच एका मंडळात दोन वर्षे होतो. बाबांची शंका अगदीच निराधार नाही, म्हणून नाव नोंदवण्यापूर्वी मंडळाची प्रयोगवही पाहायला मागा. तेल किती घेतले, टायट्रेशनचा (तेलातील आम्ल मोजण्याच्या चाचणीचा) आकडा काय आला, ग्लिसरीन किती निघाले, याच्या तारीखवार नोंदी असतील तर मंडळ काम करते असे समजा. नुसताच फोटोंचा अल्बम पुढे आला, तर बाबांचेच खरे.

आमची पहिली खेप पूर्ण फसली होती. वडापावच्या गाडीवरून आणलेले तेल आम्ही गाळले, पण त्यातले पाणी उडवले नाही. मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून ढवळल्यावर वर बायोडिझेल आणि खाली ग्लिसरीन असे दोन थर दिसण्याऐवजी विलगक नरसाळ्यात पिवळट, साबणाच्या लगद्यासारखा गोळा तयार झाला आणि तोटीतून थेंबही उतरेना. ताज्या तेलाला लिटरमागे साधारण 3.5 ग्रॅम कॉस्टिक सोडा पुरतो, परंतु पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात मुक्त मेदाम्ले (तेल तुटून सुटी झालेली आम्ले) वाढलेली असल्याने जास्तीचा किती लागेल हे प्रत्येक डब्यासाठी टायट्रेशन करूनच ठरवावे लागते. ही गोष्ट पुस्तकातही होती, पण माझ्या डोक्यात शिरली ती ते नरसाळे घासताना.

उत्तर 2

मी प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे सुरक्षिततेपुरते लिहिते. यात खरा धोका मिथेनॉलचा आहे. 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले, ते याच द्रव्यामुळे. त्याची वाफही घातक असते, ते सहज पेटते आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. मिश्रण 55 ते 60 अंशांपर्यंत तापवतात आणि मिथेनॉल सुमारे 65 अंशांना उकळते, म्हणजे हाताशी फारशी सवड नसते. वाफ बाहेर खेचणारे धुराडे (फ्यूम हूड), चष्मा, हातमोजे आणि शिक्षकांची प्रत्यक्ष उपस्थिती, यांपैकी एक जरी गोष्ट कमी असेल तर त्या दिवशी सरळ घरी जावे. घरच्या मिक्सरमध्ये हा प्रयोग करून दाखवणारे व्हिडिओ पाहून तसे करण्याच्या फंदात तर मुळीच पडू नये.

उत्तर 3

थोडा विरोधी सूर लावतो. महाविद्यालयात दहा लिटर बायोडिझेल केल्याने मुंबईची हवा सुधारणार नाही, आणि तसा दावा मंडळ करत असेल तर सावध राहा. 2018 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात 2030 पर्यंत डिझेलमध्ये 5 टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. प्रत्यक्षातले मिश्रण त्याच्या जवळपासही नाही, कारण कच्चा मालच पुरेसा गोळा होत नाही. तेलातील ध्रुवीय संयुगे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे घटक) 25 टक्क्यांवर गेली की ते तळणाला वापरू नये असा नियम त्याच वर्षी लागू झाला, पण खाद्यपदार्थांच्या गाडीवाल्याला ते तेल ओतून देण्यापेक्षा कोणाला तरी विकणे परवडते. ते कोणाला आणि काय भावाने जाते, हे आपल्या परिसरात फिरून शोधले, तर त्या माहितीचा उपयोग प्रयोगशाळेबाहेरही होईल, असे माझे मत आहे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. काल जाऊन वही पाहिली. गेल्या वर्षीच्या अकरा खेपांच्या नोंदी आहेत, त्यांतील तीन फसल्याचे लाल शाईने लिहिले आहे, आणि मिथेनॉलची बाटली शिक्षकांच्या कुलपात असते. वहीचा फोटो दाखवल्यावर बाबांनी फसलेल्या खेपांबद्दलच जास्त विचारले आणि मग होकार दिला. उत्तर 3 मधील सूचना मंडळाला आवडली असून महाविद्यालयाजवळच्या सहा गाड्यांवर जाऊन तेलाचा भाव विचारण्याचे काम माझ्याकडे आले आहे.