सिझर झालंय, माहेरचं कोणी येऊ शकत नाही. बेळगावात घरी मदतीला कोण मिळेल?

वडगावची_सून
नमस्कार मंडळी. मुलगी झाली, आज अकरावा दिवस. माहेर चंदगडकडे, पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन गेल्याच महिन्यात झालंय, तीच काठी धरून चालते. सासूबाई नाहीत. नवरा उद्यमबागेत फौंड्रीला, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. बाळ बघायला रोज कोणी ना कोणी येतंय. फ्रीजमध्ये कुंद्याच्या मिठाईचे चार डबे आहेत आणि भाकरी थापायला घरात माणूस नाही! वडगाव-शहापूर भागात बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी बाई माहितीत आहे का? पाऊस उघडत नाही, दुपटी वाळत नाहीत. काल उगाचच रडू आलं.

शहापूर_आक्का
अभिनंदन गं. या बायका जाहिरातीत मिळत नाहीत. गल्लीत अलीकडे कुणाचं बारसं झालं ते बघ आणि थेट त्यांच्या दारात जाऊन विचार. महिन्याचं ठरवून घेतात, सव्वा महिना झाला की वर साडी-चोळी. दोघींची आंघोळ धरली आहे की एकट्या बाळाची, मालीश त्यातच की वेगळी, हे आधी बोलून घे, नंतर तोंड वाकडं नको.

माझ्या पहिल्या खेपेला आलेली बाई हाताची गोड होती, पण बाळाच्या नाका-कानात तेल सोडायची आणि छाती दाबून "दूध काढायची". नवजात बाळाची छाती सुजलेली दिसते ती आपोआप उतरते, दाबली तर पिकते. हे मला डॉक्टरांनी रागावून सांगितलं. तेव्हा पहिल्याच दिवशी स्पष्ट सांग: नाका-कानात तेल नाही, डोळ्यात काजळ नाही, छातीला हात नाही. तुझं सिझर आहे, पोटाला मालीश आणि टाक्यांवर कढत पाण्याचा मारा डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको. पाय, पाठ, डोकं चोळू दे.

आणि खरं सांगू? न्हाऊ घालणारी बाई येते तासभर. उरलेल्या तेवीस तासांचं काय? बाळाला तूच घे, ते कुणी हिरावून घेत नाही. बाई आधी भांड्यांना आणि केर-फरशीला शोध. भाकऱ्या करून देणारी एक बाई आपल्याकडे आहे, नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

खानापूर_अंगणवाडी
आक्कांना +१. मी अंगणवाडीत आहे म्हणून थोडं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताईनं ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यायचं असतं. बाळाचं वजन, ताप, नाळ बघतात. तुमच्याकडे एकदा तरी येऊन गेली पाहिजे होती. नसेल तर फोन करा, संकोच कसला. मातृपूर्ण योजनेत बाळंतपणानंतर सहा महिने दुपारचं गरम जेवण अंगणवाडीतून असतं, नाव घातलंय का विचारा. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या, टाके निघाले की बायका बंद करतात.

ताई कार्ड, म्हणजे बाळंतपणाच्या आणि लसींच्या नोंदीचं सरकारी कार्ड, जपून ठेवा. (आपली मराठी माणसं त्याला बहिणीचं कार्ड समजतात. कन्नडमध्ये 'तायी' म्हणजे आई!) पुढं चंदगडला जाऊन राहिलात तर ते बरोबर न्या. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी तिकडच्या सरकारी केंद्रातही मिळतात.

अनगोळची_आजी
आमच्या वेळी शेक-शेगडी, धुरी, वेखंड-जायफळाची गुटी, सगळं केलं. पोरं काय वाईट झाली? पाणीही कमी प्यावं बाळंतिणीनं, पोट सुटतं.

चिकोडीचा_बाप
आजी, राग मानू नका, पण पाणी कमी केलं तर दूध कुठून यायचं? आमच्या बाळाच्या डॉक्टरांनी सहा महिने फक्त आईचं दूध सांगितलं, गुटी-मध काही नाही. आणि या पावसात दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवू नका. तो वायू दिसत नाही, वासही येत नाही, झोपेतच माणूस जातो.

ताई, भावजींना माझा निरोप: रातपाळीच्या आठवड्यात सकाळी घरी आल्या आल्या दोन तास बाळ त्यांच्याकडे, तुम्ही आतल्या खोलीत दार लावून झोपायचं. मी तेच करत होतो. पहिल्या दिवशी लंगोट उलटा बांधला, बाळाची तक्रार आली नाही. दुपटी पिळून पंख्याखाली दोरीवर, मग इस्त्री.

शहापूर_आक्का
रडू आलं त्यावर कुणी बोललं नाही. पहिले दोन आठवडे येतं गं, माझंही भरून यायचं. पण त्यापुढं राहिलं, बाळ झोपलं तरी तुला झोप लागेना, नको नको ते विचार यायला लागले तर डॉक्टरांना सांग. १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) नंबरवर चोवीस तास फुकट बोलता येतं. ताप, तासाभरात पॅड भिजेल इतकं रक्त, टाक्यातून पू, एकच पाय सुजणं यातलं काहीही झालं तर वाट बघायची नाही, सरळ दवाखाना. आणि बघायला येणाऱ्यांना सांग, येताना पातेलंभर आमटी आणा.

वडगावची_सून
आठ दिवसांनी लिहितेय. भांड्यांना बाई मिळाली, पलीकडच्या गल्लीतली. भाकरीवाल्या मावशी रोज सहा भाकऱ्या देतात, वर शेपूची भाजी आपणहून आणतात. न्हाऊ घालणारीला काजळाचं सांगितलं तर दोन दिवस फुगून होती, आता बरी आहे. आशाताई आली, बाळाचं वजन वाढलंय. आमटीचं मात्र नणंदेला सांगायचा धीर झाला नाही, तिनं परत कुंदाच आणला.

खानापूर_अंगणवाडी
भाकरीवाल्या मावशींचा नंबर मलाही व्यनि करा की.