आईची टाचदुखी: शुगर असताना इंजेक्शन घ्यावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही परभणी जिल्ह्यातले. आईची उजवी टाच दिवाळीपासून दुखतेय. सकाळी पहिलं पाऊल टेकवलं की अशी कळ येते की भिंतीला धरून उभी राहते. थोडं चाललं की मोकळं होतं, पण दिवसभर कापूस वेचून आली की पुन्हा तेच. टाचेखाली आतल्या बाजूला अंगठ्यानं दाबलं तर पाय झटकन ओढून घेते. सूज नाही.

डॉक्टर म्हणाले प्लांटर फॅसिआयटिस, म्हणजे तळव्याचा पट्टा टाचेपाशी दुखावलाय. एक्स-रेत हाड वाढलेलं दिसतं, पण ते असूनही अनेकांना त्रास नसतो, म्हणून त्याची धास्ती घेतलेली नाही. पोटरी ताणायचे व्यायाम चालू आहेत. शेजारच्या बाया गरम विटेचा शेक सांगतात; तो मी बंद केला, शुगरमुळे तळव्याला चटका कळलाच नाही तर?

आता स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलंय. त्यानं काही दिवस शुगर वाढते. शुगर असताना कुणी घेतलंय का? आराम किती टिकला? आणि काळ्या रानात वापरता येईल अशी मऊ टाचेची चप्पल किंवा बूट परभणी-नांदेडकडं कुठं मिळेल? वेचणी सोडून घरी बसायला ती तयार नाही.