शब्दचर्चा : मात्र्योश्का की मॅट्रोश्का? रशियन शब्द मराठीत कसे लिहावेत?

प्रश्न

आमची दोन्ही मुलं घरीच शिकतात. या सत्रात त्यांनी रशिया हा विषय घेतला आहे. लोककथा, सण, खाणं, खेळणी, अंतराळवीर असं जे सापडेल ते वाचणं चालू आहे. आता घरशिक्षण घेणाऱ्या इतर मुलांसाठी आणि इमारतीतल्या मुलांसाठी दोघं मिळून एक छोटं प्रदर्शन मांडणार आहेत. प्रत्येक वस्तूपुढे मराठीत पाटी लिहायची, हा त्यांचाच हट्ट आहे आणि मला तो फार आवडला. पाट्या लिहिताना मात्र अडचणी येत आहेत.

एकात एक बसणाऱ्या लाकडी बाहुल्यांचं नाव आम्हाला मॅट्रोश्का, मात्रुश्का, मत्र्योष्का असं तीन तऱ्हांनी लिहिलेलं दिसलं. काही जण त्यांनाच बाबुश्का म्हणतात. समोवार या चहाचं पाणी उकळायच्या रशियन भांड्याला मराठी शब्द आहे का? आणि 'बाबा यागा' या चेटकिणीबद्दल बोलताना धाकटा 'बाबा यागा आला' म्हणतो, मोठी त्याला दर वेळी 'आली' म्हणून दुरुस्त करते. आपल्याकडे बाबा म्हणजे वडील, त्यामुळे त्याचंही चुकतं असं म्हणवत नाही. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

मी रशियन शिकले आणि काही वर्षं शिकवलीही. मुलं शब्दांच्या पाट्यांवर इतकी अडून बसली आहेत हे वाचून खूप आनंद झाला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाटीवर मात्र्योश्का लिहा. 'त्र्यंबक'मधला त्र्य आपल्याकडे तयारच आहे. रशियन उच्चारात र मऊ होतो आणि त्यावरच्या स्वरावर जोर येतो. त्यामुळे 'त्र्यो' हे जोडाक्षर मूळ उच्चाराच्या अगदी जवळ जातं. मात्र्योना हे तिकडचं खेड्यापाड्यांतलं जुनं बायकांचं नाव आणि मात्र्योश्का हे त्याचं लाडकं रूप. मूळ लॅटिनमधलं, 'आई' या अर्थाच्या शब्दापासून आलेलं. आपला 'मातृ' त्याच घराण्यातला.

बाहुली मात्र वाटते तेवढी जुनी नाही. ती १८९० च्या दशकात मॉस्कोच्या एका खेळण्यांच्या कारखान्यात घडली. लाकूड कातलं वासिली ज्व्योज्दोच्किन यांनी आणि रंगवलं सेर्गेई माल्युतिन या चित्रकारांनी. पहिल्या संचात आठ बाहुल्या होत्या. सगळ्यात बाहेरच्या मुलीच्या हातात काळा कोंबडा आणि सगळ्यात आत दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं बाळ. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तिला पदक मिळालं आणि मग सेर्गियेव पोसाद या गावात ती मोठ्या प्रमाणावर बनू लागली. पाटीवर 'रशियाची प्राचीन बाहुली' असं लिहिलं असेल तर तेवढं बदला.

बाबुश्का म्हणजे आजी, एवढंच. रशियात बाहुलीला कोणी बाबुश्का म्हणत नाही, ती गल्लत इंग्रजीतून आली. जोर पहिल्या अक्षरावर द्यायचा: बाबुश्का. आजोबा ते देदुश्का. पाटीवर ऱ्हस्व 'बु'च ठेवा, 'बाबूश्का' लिहिलं की मुलं हमखास चुकीच्या जागी जोर देतात.

आता मुख्य मुद्दा. रशियनमधले त आणि द दंत्य आहेत, आपल्यासारखेच. ट आणि ड आपण इंग्रजी वाचून आणतो आणि मॅट्रोश्का, डाचा (शहराबाहेरचं सुट्टीचं घर) लिहितो. मराठी मुलाला 'मात्र्योश्का' आणि 'दाचा' म्हणायला काहीच कष्ट नाहीत. इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला तो त शिकावा लागतो, आपल्या मुलांच्या तोंडात तो आधीच आहे. आपल्याकडे दोन च सुद्धा आहेत: चिमणीतला आणि चमच्यातला. रशियनमध्येही ते दोन वेगळे वर्ण आहेत. ज्याला आपण 'झार' म्हणतो त्या शब्दाची सुरुवात चमच्यातल्या च ने होते. लोककथांमधला राजपुत्र इवान त्सारेविच मुलांना भेटलाच असेल, त्याचा त्साही तोच. हे त्यांना जरूर सांगा. आपल्या जिभेवर असलेलं अक्षर इतक्या लांबच्या भाषेत भेटलं की मुलांचा चेहरा खुलतो, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

मॉस्को आणि टॉलस्टॉय आता बदलू नका. मूळ उच्चार मस्क्वा आणि तल्स्तोय असे आहेत, पण ही रूपं मराठीत मुरलेली आहेत. नवा शब्द आपण पहिल्यांदा आणत असू तर तो सरळ रशियनमधून आणावा, इतकंच माझं म्हणणं.

प्रतिसाद

बाबा यागाच्या वादात मोठी बरोबर आहे. रशियनमध्ये 'बाबा' म्हणजे बाई, म्हातारी. लहान मुलं आजीलाही बाबा म्हणतात. म्हणून 'बाबा यागा आली'. ती कोंबडीच्या पायांवर उभ्या असलेल्या झोपडीत राहते. उखळात बसून उडते, मुसळाने दिशा देते आणि मागचा माग झाडूने पुसून टाकते. उखळ-मुसळ हे शब्द पाटीवर तसेच येऊ द्या, इथे दुसरा कुठलाही शब्द फिका पडेल.

धाकट्याला मुलांच्या नावांबद्दलही सावध करा. वान्या, मीशा, पेत्या, कोल्या ही सगळी मुलग्यांची नावं आहेत: इवान, मिखाईल, प्योत्र आणि निकोलाय यांची लाडकी रूपं. साशा तर मुलगाही असतो आणि मुलगीही. शेवटी 'आ' दिसला की आपण 'ती' म्हणून मोकळे होतो आणि निम्मी गोष्ट उलटी कळते.

प्रतिसाद

समोवारबद्दल. शब्दाचा अर्थ 'स्वतः उकळणारा'. मराठीत याच्या सर्वांत जवळचं काही असेल तर तो आपला तांब्याचा बंब: मधोमध नळकांडं, त्यात निखारे, भोवती पाणी, खाली तोटी. पण म्हणून पाटीवर 'रशियन बंब' लिहू नये, बंब म्हटलं की आंघोळ आठवते. समोवार असंच लिहावं आणि खाली रचना समजावताना बंबाचा उल्लेख करावा. ज्या मुलांनी आजोळी बंब पाहिला आहे त्यांना एका वाक्यात कळेल.

एक चूक मात्र बऱ्याच ठिकाणी दिसते. समोवारमध्ये चहा करत नाहीत, फक्त पाणी उकळतं. चहाचा घट्ट अर्क वेगळ्या किटलीत, समोवारच्या डोक्यावर ठेवलेला असतो. कपात थोडा अर्क ओतून वर समोवारचं गरम पाणी घालतात. तूला हे शहर समोवारांसाठी प्रसिद्ध, आणि 'तूलाला जाताना स्वतःचा समोवार नेऊ नये' अशी रशियन म्हण आहे. ती मोठ्या अक्षरात लिहून लावा.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मॅट्रोश्काची पाटी फाडून नवी लिहिली. आता मोठीचा प्रश्न: प्रत्येक रशियन माणसाला मधलं नाव का असतं आणि ते इतकं लांब का? तिला स्वतःचंही तसं नाव लिहायचं आहे. आणि 'होमस्कूलिंग'ला रशियात काय म्हणतात?

प्रतिसाद

पहिली प्रतिसादक पुन्हा. तुमच्या मुलीने नेमकी जागा हेरली. ते वडिलांचं नाव आहे, आपल्या मधल्या नावासारखंच. फरक एवढाच की आपण वडिलांचं नाव आहे तसं ठेवतो आणि ते त्याला प्रत्यय लावतात. मुलग्याला ओविच किंवा येविच, मुलीला ओव्ना किंवा येव्ना. समजा वडील सुनील, तर मुलगा सुनीलोविच आणि मुलगी सुनीलोव्ना. अंतराळात गेलेली पहिली स्त्री वालेन्तिना व्लादिमीरोव्ना तेरेश्कोवा, म्हणजे तिचे वडील व्लादिमीर. १९६३ साली तिने उड्डाण केलं. त्याच वर्षी तिचं लग्न झालं, पण व्लादिमीरोव्ना कायम राहिलं. आपल्याकडे लग्नानंतर बाईच्या वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येण्याची चाल आहे. रशियात वडिलांचं नाव जन्मभर सोबत असतं. हे मुलींना सांगाच.

शाळेत शिक्षिकेला 'बाई' किंवा 'मॅडम' म्हणत नाहीत, स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव जोडून हाक मारतात: 'आन्ना पेत्रोव्ना'. त्यांचा आदर त्या जोडीत असतो. तेव्हा प्रदर्शनात मुलांच्या छातीवरच्या बिल्ल्यांवर अशी नावं लिहा आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला त्याचंही करून द्या. माझ्या मते पाट्यांपेक्षा हेच जास्त लक्षात राहील.

होमस्कूलिंगसाठी तिकडचा शब्दप्रयोग आहे 'कौटुंबिक शिक्षण'. २०१२ च्या शिक्षण कायद्यात त्याला स्पष्ट जागा आहे, आणि नववी व अकरावीच्या शेवटच्या परीक्षा या मुलांनाही द्याव्या लागतात. आजारी मुलांना शाळेचे शिक्षक घरी येऊन शिकवतात, त्याला वेगळा शब्द आहे. मराठीत गृहशिक्षण, घरशाळा, घरशिक्षण असं सगळंच चालतं. मला तुमचा 'घरशिक्षण' आवडतो.

प्रतिसाद

खाण्याच्या पाटीसाठी: 'ब्लिनी' म्हणजे धिरड्यांसारखा पातळ पदार्थ. हे अनेकवचन आहे, एकाला ब्लिन म्हणायचं. मास्लेनित्साच्या आठवड्यात, ईस्टरआधीचा मोठा उपास सुरू होण्यापूर्वी, हे खातात. 'मास्लो' म्हणजे लोणी किंवा तेल, त्यावरून सणाचं नाव. शेवटच्या दिवशी पेंढ्याची बाहुली जाळून हिवाळ्याला निरोप देतात. प्रदर्शन फेब्रुवारी-मार्चमध्ये असेल तर होळीही जवळच असेल, मुलांना दोन्ही एकत्र मांडता येतील.

प्रश्नकर्ती

प्रदर्शन मार्चमध्येच आहे. ब्लिनची पाटी धाकटा लिहितोय, आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच मिळणार म्हणून एकवचनच बरोबर, असं त्याने ठरवलं आहे.