मदत हवी आहे: राउटर एका कंपनीचा, डोंगल दुसऱ्या कंपनीचा, स्पीड ५४ वरच अडकलाय

नमस्कार मंडळी. राउटर हॉलमध्ये, जुना डेस्कटॉप आतल्या खोलीत आणि त्याला मागे दुसऱ्याच कंपनीचा यूएसबी वायफाय डोंगल. डोंगल साधाच, फक्त २.४ गिगाहर्ट्झचा. खोक्यावर १५० एमबीपीएस लिहिलंय, पण विंडोजमध्ये लिंक स्पीड ५४ च्या वर सरकत नाही. त्याच टेबलावर मोबाइल पळतो, पण तो ५ गिगाहर्ट्झवर असतो, त्यामुळे ती तुलना सोडा.

दुकानदार म्हणतो, "दोन्ही एकाच कंपनीचे घ्या." मला पटत नाही. वायफायचं मानक सगळ्यांना एकच ना? शिवाय नेमका ५४ हा आकडा वायफायच्या जुन्या 'जी' प्रकाराचा. काल राउटरची सेटिंग्ज उघडली तर सिक्युरिटीत टीकेआयपी, म्हणजे जुनी एन्क्रिप्शन पद्धत! बाबांच्या जुन्या टॅबसाठी मीच कधीतरी ठेवलं असणार. 'जी'नंतरच्या 'एन' प्रकाराचा वेग टीकेआयपीवर मिळत नाही असं वाचलंय. त्याऐवजी डब्ल्यूपीए२-एईएस ही नवीन पद्धत केली तर सुटेल का? टॅब बंद पडला तर मात्र घरात माझी खैर नाही.

अजून एक, डोंगलला खेटूनच यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क असते. तिचाही त्रास होत असेल का? एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल लांब ठेवल्यावर कुणाला फरक पडलाय?