मदत हवी आहे : मेपलच्या पानांवर डांबरासारखे काळे डाग, झाड वाचेल का?

नमस्कार मंडळी,

आमच्या रस्त्याच्या दुतर्फा मेपलची मोठी झाडं आहेत. बहुतेक नॉर्वे मेपल असावीत, कारण पानाचा देठ मोडला की पांढरा चीक येतो. यंदा जूनच्या शेवटी पानांवर फिकट पिवळे ठिपके दिसले. उन्हाने झालं असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. ऑगस्टमध्ये त्याच ठिपक्यांत काळं काहीतरी उमटलं आणि आता तर पानांवर कुणीतरी डांबर शिंपडलंय असं वाटतं.

काल एक पान आणून खिडकीशी धरलं. डाग अंगठ्याच्या नखाएवढे, चकचकीत, जरा फुगलेले. बोट फिरवलं की बारीक सुरकुत्या लागतात. कडेला पिवळी किनार आहे. नखाने खरवडूनही डाग निघत नाही. पानंही नेहमीपेक्षा लवकर गळायला लागली आहेत.

शेजारचे काका म्हणतात, झाड हातचं गेलं, बाकीच्यांना लागण व्हायच्या आत तोडा. काही जण बुरशीनाशक फवारायला वर्गणी काढतायत. माझा जीव नुसता वरखाली होतोय. दुपारनंतर घरावर जी सावली असते ती ह्याच झाडाची.

मी वाचलं त्यावरून हा टार स्पॉट, म्हणजे पानांवर डांबरासारखे डाग पाडणारा बुरशीचा रोग वाटतो. पण खात्री कशी करायची? आता फवारून उपयोग होईल का? आणि गळलेली पानं कंपोस्टमध्ये टाकली तर चालतील का? कुणी अनुभवी असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, आधी कुऱ्हाड थांबवा. वर्णनावरून हा टार स्पॉटच आहे, ऱ्हायटिझ्मा नावाच्या बुरशीचा. ती पानापुरतीच राहते, फांदीत किंवा खोडात शिरत नाही. दिसायला भयंकर, पण मोठ्या झाडाला सहसा काही होत नाही. पानांनी उन्हाळाभर आपलं काम बरंचसं उरकलेलं असतं, त्यामुळे थोडी आधी गळली तरी झाड ते सोसतं.

अँथ्रॅक्नोज हा पानांचा दुसरा बुरशीचा रोग असता तर शिरांच्या कडेने तपकिरी चट्टे पडले असते. फुगीर काळा डाग त्यात नसतो. खरी भीती व्हर्टिसिलियमची, म्हणजे झाडाच्या लाकडात शिरणाऱ्या बुरशीची. त्यात एकाच बाजूची फांदी पानांसकट सुकत जाते. अशी फांदी दिसली तर तिरपी कापून बघा, सालीखालच्या लाकडात हिरवट रेघा आहेत का ते.

फवारणीची वर्गणी मात्र परत करायला सांगा. ही बुरशी हिवाळा गळलेल्या पानांवरच काढते. वसंतात नवी पालवी फुटते त्याच सुमारास काळ्या डागांना चिरा पडतात आणि चिकट बीजाणू वाऱ्याबरोबर कोवळ्या पानांवर जाऊन बसतात. म्हणजे तुम्हाला आता दिसणाऱ्या डागांची लागण वसंतातच झाली. औषध मारायचंच तर पालवी फुटताना, आणि तेही पानन् पान भिजेल असं. एवढ्या उंच झाडावर ते कोण करणार?

खरा उपाय म्हणजे पानं गोळा करणं. एकट्या तुमच्या अंगणातली उचलून फार फरक पडणार नाही, बीजाणू शेजारून येतील. सगळ्या गल्लीने केलं तर पुढच्या वर्षी डाग कमी होतात. वसंत फार ओला गेला तर थोडे येतीलच, तेव्हा घाबरू नका. कंपोस्टचा ढीग आतून चांगला तापत असेल तर खुशाल टाका. तसा तापत नसेल तर पानं बारीक करून आत दाबा, वर मातीचा थर द्या आणि पालवी फुटायच्या आधी उघडं काही राहू देऊ नका.

एक गंमत सांगतो. हवेत सल्फर डायऑक्साइड जास्त असेल तिथे ही बुरशी नीट वाढत नाही.

धागाकर्ती

खूप खूप आभार! एक वाळकी फांदी होती, ती तिरपी कापून पाहिली. लाकूड स्वच्छ पांढरं आहे, रेघा नाहीत. तुमचा प्रतिसाद काकांना वाचून दाखवला. तोडायचा विषय त्यांनी सोडलाय, पण पुढच्या वसंतात पालवी बघूनच काय ते बोलेन म्हणाले. येत्या रविवारी पाच घरं मिळून पानं भरणार आहोत. काकांनी त्यांचं दाताळं आजच आमच्या दाराशी आणून ठेवलंय.